नाताळचा फराळ: आधी काय करावे आणि शेवटी काय?

वसईची लेक, २६ नोव्हेंबर

सप्रेम नमस्कार. माझे माहेर वसईचे. लग्नानंतर गेली अकरा वर्षे मी पुण्यात राहते. आमच्या घरी नाताळचा फराळ दरवर्षी आईच करत असे आणि आम्ही मुली फक्त कुलकुले (पिठाच्या गुंडाळ्यांचे छोटे गोड तळण) वळायला आणि चिकटलेली बोटे चाटायला बसत असू. आता संधिवातामुळे आईला पीठ मळणे जमत नाही. ती फोनवर सगळे सांगते, परंतु तिची मापे म्हणजे 'पीठ मागेल तेवढे दूध' आणि 'वास आला की उतरव' अशी असल्यामुळे मला त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

गेल्या वर्षी मी प्रथमच सगळे एकटीने केले आणि बहुतेक सगळे बिघडले. नेवऱ्या (आमच्याकडच्या करंज्या) सोप्या वाटल्या म्हणून डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ओल्या नारळाचे सारण भरून चाळीस नेवऱ्या तळून ठेवल्या. अठरा तारखेला डबा उघडला तर आत बुरशी. कुलकुले दुसऱ्या रविवारी केले, ते नाताळपर्यंत मऊ पडून चिवट झाले. केक तेवीस तारखेच्या रात्री भाजला आणि चोवीसला सकाळी कापला, तेव्हा त्याचा भुगा झाला आणि सगळा सुकामेवा तळाशी जाऊन बसलेला दिसला. शेजाऱ्यांना ताटे पाठवायची होती, म्हणून शेवटी बेकरीतून आणून वेळ निभावली. चव वाईट नव्हती, पण आईने पहिला घास घेतल्यावर काही न बोलता जे हसू केले, ते मला अजून आठवते.

या वर्षी माझ्या हातात चार रविवार आहेत, अठ्ठावीस लिटरचा एक लहान ओटीजी (विजेची छोटी भट्टी) आहे आणि मदतीला नवरा आहे. कोणता पदार्थ कोणत्या आठवड्यात करावा, हे मला मुख्यतः जाणून घ्यायचे आहे. दुसरे असे की, आमच्या मजल्यावर एक मुस्लिम कुटुंब आणि दारूला अजिबात न शिवणारी दोन घरे आहेत; त्यांनाही ताट द्यायचे असल्यामुळे रमशिवाय केक चांगला होतो का, तेही कृपया सांगावे.


माडाखाली, २६ नोव्हेंबर

मुली, तुझे काही बिघडलेले नाही, फक्त क्रम उलटा झाला. मी अगाशीची. सासूच्या हाताखाली आणि नंतर सुनांना हाताखाली घेऊन मिळून चाळीसहून अधिक नाताळांचा फराळ मी केला आहे, आणि त्यातून मला एवढे कळले की पदार्थात पाणी किती उरले आहे यावर तो किती दिवस टिकणार हे ठरते. साखर पाण्याला धरून ठेवते, त्यामुळे भरपूर साखरेत आटवलेल्या पदार्थात बुरशीला वाढायला मोकळे पाणी मिळत नाही. तळण चांगले झाले की पिठातले पाणी निघून जाते. ओल्या नारळाचे मात्र दोन शत्रू असतात: त्यात पाणी असल्याने बुरशी धरते आणि तेल असल्याने ते खवट होते. म्हणून ज्यात ओला नारळ कोरडा न होता राहतो तो पदार्थ शेवटी, आणि जो साखरेत आटून घट्ट झाला तो आधी करायचा, एवढे धरून चाललीस की तारखा आपोआप लागतात.

आज उद्याच केकचा सुकामेवा भिजत घाल. त्याला हात लागत नाही, वेळ लागतो. या रविवारी पेराद, म्हणजे पेरूच्या वड्या, कर, कारण पेरू आता बाजारात चांगले येतात. पिकलेले पण घट्ट पेरू उकडून, गर चाळणीतून गाळून बिया काढायच्या, गर वजन करायचा आणि जवळजवळ तेवढीच साखर घालून जाड बुडाच्या भांड्यात, लाकडी कालथ्याने सतत ढवळत, गोळा भांडे सोडेपर्यंत आटवायचा. शेवटी लिंबाचा रस आणि चमचाभर लोणी घालायचे. पेरूत मुळातच पेक्टिन भरपूर असल्यामुळे तो आपला आपण जमतो. ताटात थापून दुसऱ्या दिवशी शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापायचे आणि एक दिवस जाळीखाली वाळू द्यायचे. महिनाभर सहज राहतो. ढवळताना हाताला कापड गुंडाळ, कारण आटत आलेला गर उडतो आणि त्याचा चटका तेलापेक्षा वाईट असतो.

कुलकुले पंधरा तारखेच्या आसपास कर, आधी नको. ते मऊ का पडले हे मी न बघता सांगू शकते: तू मोठ्या आचेवर तळले असणार. पिठात साखर आणि नारळाचे दूध असल्यामुळे रंग फार लवकर येतो, आणि रंग आला म्हणून काढले की आतला भाग ओला राहतो. तोच ओलावा चार दिवसांनी बाहेरच्या थरात येतो. पीठही घट्ट मळायला हवे. अर्धा किलो मैद्याला शंभर ग्रॅम बारीक रवा, एक अंडे, तीन चमचे पिठीसाखर, दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचे मोहन आणि लागेल तसे घट्ट नारळाचे दूध घे. (हे 'लागेल तसे' मलाही टाळता आले नाही, क्षमस्व. साधारण एक वाटीपासून सुरुवात कर.) तासभर झाकून ठेव. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर, किंवा खास याच कामासाठी ठेवलेल्या नव्या कंगव्यावर, अंगठ्याने पातळ पसरून गुंडाळायची. इथे पातळ या शब्दावर माझा जोर आहे. जाड कुलकुला कितीही तळला तरी आत कच्चा राहतो. मंद आचेवर एका वेळी थोडेच तळ, आणि पूर्ण गार होईपर्यंत डब्यात भरू नकोस. वसईच्या दमट हवेत आम्ही डबा दोनदा कागदाने बांधतो. तुझ्याकडे पुण्यात डिसेंबर कोरडा असतो, त्याचा फायदा घे.

फुग्यांचा, म्हणजे फुगवलेल्या पिठाच्या तळलेल्या गोळ्यांचा, विषय तू काढला नाहीस, पण आईच्या मनात तो असणारच. त्या नाताळच्या सकाळीच करायच्या. पूर्वी पीठ ताडीवर फुगवत असत, आता यीस्ट घालतात, आणि सैल पीठ मुठीतून अंगठ्याजवळून पिळून तेलात सोडण्याची कला फोनवर शिकता येत नाही. त्यासाठी आईला शेजारी खुर्ची टाकून बसव.


कोथरूडचा भटारी, २७ नोव्हेंबर

मी हौशी बेकर आहे आणि घरूनच थोड्याफार ऑर्डरी घेतो, त्यामुळे केकपुरते लिहितो.

प्रथम सुकामेव्याविषयी. वर्षभर रममध्ये मुरवलेल्या मेव्याच्या बढाया दर डिसेंबरात ऐकू येतात. माझ्या अनुभवाने तीन आठवडे भरपूर झाले, कारण मनुका जेवढे पिऊ शकतात तेवढे तोवर पिऊन झालेले असते. काळ्या मनुका, बेदाणे, बिया काढलेला खजूर आणि संत्र्याची मुरवलेली साल असे मिळून अर्धा किलो घ्या, मनुका धुतल्यास कापडावर पूर्ण कोरड्या करा, खजूर मनुकांएवढा चिरा आणि कोरड्या काचेच्या बरणीत सुमारे दोनशे मिलिलिटर गडद रम घालून दर दोन दिवसांनी बरणी उलटीसुलटी करा. काजू, बदाम आणि टूटीफ्रूटी मात्र बरणीत घालू नका. सुक्या फळांना द्रव हवा असतो. काजू तो पिऊन नरम पडतात, आणि टूटीफ्रूटी, म्हणजे साखरेत मुरवलेली कच्ची पपई, विरघळून तिचा लगदा होतो.

रमशिवायचा केक उत्तम होतो, पण त्याचे वेळापत्रक वेगळे असते हे लक्षात घ्या. अर्धा किलो मेवा आणि दोनशे मिलिलिटर संत्र्याचा रस मंद आचेवर, रस बहुतेक शोषला जाईपर्यंत गरम करा, थंड करा आणि एक रात्र फ्रिजमध्ये ठेवा. हा मेवा बाहेर आठवडाभर ठेवला तर आंबेल. रसाऐवजी निम्मा कोरा चहा घेतला तर गोडवा कमी होऊन रंग छान येतो. शेजाऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट आग्रहाने सांगतो: 'भट्टीत दारू उडून जाते' असे जे सर्रास म्हटले जाते ते पूर्ण खरे नाही, भाजल्यावरही तिचा काही अंश केकमध्ये राहतो, आणि वरून पाजलेली रम तर तशीच असते. म्हणून दोन केक वेगळे, डबे वेगळे आणि डब्यांवर चिठ्ठ्या, यात कुचराई करू नये.

तुमचा केक का फुटला आणि मेवा का बुडाला याची कारणे बहुधा दोन आहेत. मेवा निथळून न घेता तसाच मिश्रणात गेला असेल तर मिश्रण पातळ होते आणि त्याला जड तुकडे पेलवत नाहीत. आणि एवढा मेवा असलेला केक दुसऱ्याच दिवशी कापला तर तो सुटतोच. त्याला किमान दोन-तीन दिवस गुंडाळून ठेवावे लागते, म्हणजे फळांतला ओलावा सगळ्या केकमध्ये सारखा पसरतो.

माझे प्रमाण असे: लोणी दोनशे ग्रॅम, साखर दोनशे ग्रॅम, अंडी चार, मैदा सव्वादोनशे ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चमचा, दालचिनी, लवंग, जायफळ आणि सुंठ यांची मिळून दीड चमचा पूड, तीन मोठे चमचे कॅरामल, निथळलेला मेवा अर्धा किलो आणि काजू-बदाम मूठभर. लोणी आणि अंडी खोलीच्या तापमानाला असली पाहिजेत, आणि इथे पुण्याची थंडी आडवी येते: डिसेंबरच्या सकाळी ओट्यावरचे लोणी दगडासारखे असते, ते साखरेबरोबर फेसले जात नाही आणि मग अंडी घालताच मिश्रण फाटते. मी लोणी रात्रीच बाहेर काढून ठेवतो आणि फेसण्याचे भांडे कोमट पाण्याने धुऊन पुसून घेतो. मेव्यावर मैद्यातलाच एक चमचा भुरभुरवा.

आठ इंची गोल भांड्याला आतून दुहेरी बटर पेपर लावा आणि बाहेरून वर्तमानपत्राची जाड घडी सुतळीने बांधा, नाहीतर मधला भाग शिजेपर्यंत कडा करपतात. ओटीजी दीडशे अंशांवर आधी तापवून, खालच्या जाळीवर, पावणेदोन ते सव्वादोन तास भाजा. कागदाची घडी सळईपासून दूर राहील एवढी जागा भांड्याभोवती सोडा. लहान ओटीजीत वरची सळई केकच्या डोक्यावरच येते, त्यामुळे तासाभराने वर फॉइल टाका. शक्य असल्यास आत ठेवायचा एक साधा तापमापक घ्या. माझ्या पहिल्या ओटीजीची तबकडी दीडशे दाखवत असताना आत एकशे ऐंशी अंश होते, आणि तोवर मी दोन वर्षे स्वतःच्या हाताला दोष देत होतो.

रमचा केक पंधरा डिसेंबरच्या आत भाजून, सुईने टोचून, आठवड्यातून एकदा दोन चमचे रम पाजत ठेवावा. रसाचा केक वीस किंवा एकवीसला भाजावा आणि नाताळनंतर उरलाच तर फ्रिजमध्ये जाऊ द्यावा.


साष्टीची सून, २७ नोव्हेंबर

मी मूळची कोल्हापूरची आणि लग्नाने गोव्याची. आमच्याकडे शेजाऱ्यांना पाठवायच्या ताटाला कोंसुआद म्हणतात आणि तुमच्या कुलकुल्यांना किडयो, म्हणजे किडे. पहिल्या वर्षी हे नाव ऐकून मी दचकले होते.

माडाखाली काकूंशी बाकी सगळे पटते, फक्त नेवऱ्यांचा नाद ओल्या नारळामुळे सोडू नये असे वाटते. सारण ओल्या खोबऱ्याचेच हवे असेल तर ते गूळ घालून कोरडे होईपर्यंत परतावे, गार करून हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये ठेवावे आणि नेवऱ्या तेवीस तारखेला भरून तळाव्यात. म्हणजे खवणण्याचे आणि परतण्याचे काम आधीच उरकते. आधी तळून ठेवायच्याच असतील तर सुके खोबरे, भाजलेले तीळ, खसखस, भाजलेला रवा आणि पिठीसाखर यांचे सारण करावे; त्या पंधरा दिवस राहतात. दोन्ही तऱ्हा एका ताटात ठेवल्या तर खाणारे ओल्या नारळाचीच आधी उचलतात, हेही सांगून ठेवते.

दोदोल करायचा मोह होईल. तीन नारळांचे दूध, माडाचा काळा गूळ आणि तांदळाचे पीठ एकत्र गाळून आचेवर ठेवले की निदान दीड तास कालथा थांबवायचा नसतो. मिश्रण चकचकीत होऊन त्याला तेल सुटले आणि ते भांड्यापासून अलग फिरू लागले की झाले. घरात दुसरा माणूस नसेल तर सुरू करू नये. तुमच्याकडे नवरा आहे, तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या रविवारी त्यांना कालथा द्यावा. माडाचा गूळ पुण्यात न मिळाल्यास उसाचा गडद गूळ चालतो, पण धुराची ती किंचित चव येत नाही.

बिबिंका या वर्षी करू नका, असे स्पष्टच सांगते. दहा-बारा अंड्यांचे बलक, नारळाचे दूध, साखर, थोडा मैदा आणि जायफळ यांचे मिश्रण करणे अवघड नाही. अवघड आहे ते एकेक थर वरच्या आचेवर तपकिरी होईपर्यंत थांबून, तूप सोडून, त्यावर पुढचा थर ओतणे, आणि असे किमान सात वेळा. पूर्वी मडक्यावर झाकण ठेवून त्यावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवत. ओटीजीच्या वरच्या सळईवर ते जमते, पण अख्खी दुपार जाते, आणि त्याच ओटीजीत तुम्हाला दोन केक भाजायचे आहेत. २०२३ मध्ये गोव्याच्या बिबिंकेला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून पाहुणे तिच्याविषयी जास्त विचारू लागले आहेत. आमच्या घरी आम्ही ती सरळ शेजारच्या मावशींकडून विकत घेतो आणि याची कोणाला लाज वाटत नाही.


नगरी, २८ नोव्हेंबर

वरील चर्चेत समुद्राकाठचे ख्रिस्ती घर दिसते, म्हणून घाटावरच्या घराविषयी थोडे. आमचे कुटुंब नगरचे, तीन पिढ्यांचे प्रोटेस्टंट. आमच्या नाताळच्या ताटात करंज्या, शेव, चकल्या, शंकरपाळे आणि अनारसे असतात, म्हणजे दिवाळीत शेजाऱ्यांकडून येणाऱ्या ताटाला आम्ही दीड-दोन महिन्यांनी त्याच भाषेत उत्तर देतो. केक असतो, पण बिनरमचा, आणि त्याचे कोणाला अप्रूप नसते. ज्या घरी अनारशाला जाळी पडली त्या घराचे नाव होते.

प्रश्नकर्त्या ताईंना अनारसे सुचवण्याचे कारण असे की माडाखाली काकूंनी सांगितलेला साखरेचा न्याय त्यात चोख दिसतो. तांदूळ तीन दिवस, रोज पाणी बदलून भिजवायचे, निथळून सावलीत किंचित ओलसर राहतील इतपत वाळवायचे, बारीक दळून चाळायचे आणि किसलेला गूळ घालून गोळे करून डब्यात ठेवायचे. हे पीठ पाच-सहा दिवस मुरले की पुढे कित्येक आठवडे टिकते. आज तांदूळ भिजवलेत तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पीठ तयार असेल आणि पाहुणे दारात आल्यावर चार अनारसे खसखशीवर थापून ताजे तळता येतील. अनारसे तुपात फसफसून विरघळले तर पीठ सैल किंवा गूळ जास्त झाला असे समजावे आणि थोडी तांदळाची पिठी मिसळून पुन्हा एक दिवस ठेवावे. शिवाय यात अंडे नाही आणि रमही नाही, त्यामुळे तुमच्या मजल्यावरच्या सगळ्या घरांत ते निःशंकपणे जातील.


वसईची लेक, २८ नोव्हेंबर

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. सुकामेवा काल रात्रीच दोन वाट्यांत विभागला. एक वाटा रममध्ये गेला आणि दुसरा रसासाठी कोरडाच ठेवला आहे. पेरू आणले आहेत. तांदूळही भिजवले, कारण अनारशांचे नाव ऐकून नवरा माझ्याआधी उठला. आईला माडाखाली काकूंचा प्रतिसाद वाचून दाखवला. 'मोठ्या आचेवर तळले असणार' हे ऐकून ती म्हणाली, हे मी तुला गेल्याच वर्षी सांगितले होते. तिने सांगितले होते हे खरे आहे. बावीस तारखेला ती आमच्याकडे येणार आहे आणि खुर्चीची व्यवस्था झाली आहे.

एक शंका उरली. कॅरामल मी मागच्या वेळी केले तेव्हा ते इतके कडू झाले की त्याची चव केकलाही लागली, आणि पाणी घालताच उसळून मनगटावर उडाले. ते आधी करून ठेवता येते का?


कोथरूडचा भटारी, २८ नोव्हेंबर

येते, आणि ठेवावेच. कोरड्या बरणीत ते कित्येक आठवडे राहते. दीडशे ग्रॅम साखर खोल आणि जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे पाणी घालून वितळवा. रंग मधासारखा झाल्यावर भांड्यापासून हलू नका, कारण तिथून काळे होईपर्यंत मिनिटभरही लागत नाही. गडद तांबूस रंग आला आणि पहिला धूर दिसला की आच बंद करा. उरलेला रंग भांड्याच्या उष्णतेवर येतो, आणि तुमचे कॅरामल कडू झाले ते बहुधा याच शेवटच्या अर्ध्या मिनिटात. पाणी गार न घालता उकळते घाला, शंभर मिलिलिटर, लांब दांड्याच्या पळीने, एका वेळी एकच पळी, आणि तोंड बाजूला ठेवून. गार पाणी घातले की साखरेचा खडा होतो आणि वाफ एकदम उसळते. खडा झालाच तर घाबरू नका, मंद आचेवर तो पुन्हा विरघळतो. केकमध्ये घालताना मात्र ते पूर्ण गार असू द्या, नाहीतर फेसलेले लोणी वितळेल.